उशाशेजारचा खण

मी लॉकर बोलतोय. इस्पितळातल्या खाटेच्या उशाशी पत्र्याचं एक छोटं कपाट उभं असतं ना, वर पाण्याची बाटली, मध्ये एक खण, खाली एक दार, तोच मी. कुणी मला लॉकर म्हणतं, कुणी कपाट. बहुतेक लोक काहीच म्हणत नाहीत. "त्याच्यावर ठेव," एवढ्यावर माझी ओळख संपते.

आज मला घाई आहे. मी ज्या खाटेच्या उशाशी उभा आहे, तिच्यावरचा माणूस अतिदक्षता विभागातून आज सकाळीच परत आलाय. तो पुन्हा आजारी पडू शकतो, आणि या वेळी कदाचित परत येणार नाही. त्याचं कारण माझ्या खणात, मागच्या कोपऱ्यात, एका रुमालाखाली आहे. ते मला दिसतंय, पण मला तोंड नाही. तुम्ही ऐकताय तोवर सांगून घेतो.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. सपाट पत्रा होतो. एका यंत्राने मला चार ठिकाणी वाकवलं, दुसऱ्याने कडा दाबल्या, आणि एका माणसाने गुडघ्यावर बसून माझा खण आत-बाहेर करून पाहिला. "पळतोय बघ कसा," तो म्हणाला. तेव्हा मला वाटलं, माझ्यात काहीतरी मोलाचं ठेवणार. आमच्याच पत्र्याच्या तिजोऱ्या शेजारी उभ्या होत्या ना, त्यांच्या गप्पा ऐकून माझ्या डोक्यात हवा गेली होती.

प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आल्या कवळ्या. चष्मे, चार्जर, अर्धं खाल्लेलं सफरचंद, बिस्किटांचा चुरा, घरच्या किल्ल्या. एकदा एका आजोबांनी माझ्यात बायकोचा फोटो ठेवला आणि बायको भेटायला आली की तो पालथा घालायचे. लाजत असावेत. पुढे मला कळलं की तिजोरीपेक्षा माझंच काम मोठं आहे. आजारी माणसाला हात लांबवून जेवढं जग गाठता येतं, तेवढं सगळं माझ्यात असतं.

माणसांची एक सवय मी पाहून ठेवलीय. दाखवायचं ते खणात पुढे ठेवतात. जपायचं किंवा लपवायचं ते मागे सरकवतात. प्रत्येक खणाला असा एक मागचा कोपरा असतो आणि तिथे फारसं कुणी हात घालत नाही.

दुसरीही एक गोष्ट पाहिलीय. औषधांची ट्रॉली खाटेच्या एका बाजूने येते आणि मी असतो दुसऱ्या बाजूला. ट्रॉलीच्या बाजूला केवढी काळजी! सिस्टर नाव विचारतात, मनगटावरची पट्टी वाचतात, गोळीचं पाकीट डोळ्यांसमोर धरतात, हातात दिलेली गोळी पोटात जाईपर्यंत हलत नाहीत. मला त्यांचा फार आदर वाटतो. पण त्या वळल्या, की माझ्या बाजूला दुसरा दवाखाना सुरू होतो. पिशवीतून बाटल्या निघतात. कुणी न आवडलेली गोळी गालात धरून नंतर माझ्यात थुंकतं. कुणी "आमच्या बहिणीला हिनेच गुण आला" म्हणून भलतीच पुडी पाजतं. दोन बाजूंच्या मध्ये एकच माणूस झोपलेला असतो आणि दोन्हीकडचं औषध त्याच्या एकाच पोटात जातं.

वर्षं गेली. माझं एक चाक तुटलं, तिथे पुठ्ठ्याची घडी आली. स्ट्रेचरचे धक्के खाऊन अंग चेपलं. खण तिरका झाला, अडायला लागला. उचलून ओढला तरच उघडायचा. मी भंगारात जायच्या रांगेत होतो म्हणा ना.

अशात रंगारीकाका आले.

घरं रंगवण्यात आयुष्य गेलेला माणूस. छातीत कफ भरून ताप चढला होता म्हणून आणलं. बरोबर त्यांची मुलगी, कामावरून तशीच धावत आलेली, आणि बायको. बायकोला सगळा वॉर्ड आजी म्हणायचा आणि काका "अगं ए" म्हणायचे.

नव्यानेच रुजू झालेले एक तरुण डॉक्टर होते. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी मुलीला विचारलं, "घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

मुलीने मोबाइल पुढे केला. सगळ्या पाकिटांचे फोटो काढून आणले होते.

"वा! असे नातेवाईक मिळाले तर आमचं निम्मं काम होईल," डॉक्टर म्हणाले. "ही हृदयाच्या ठोक्याची गोळी महत्त्वाची आहे, हिचं प्रमाण फार सांभाळावं लागतं. आता हे सगळं आम्ही इथून देऊ. घरच्या गोळ्या घरीच राहू द्या."

"हो डॉक्टर."

कुणाचं काही चुकलं का यात? मला तरी दिसत नाही. फक्त, हे बोलणं चाललं होतं तेव्हा आजी बाटली भरायला गेल्या होत्या. आणि मुलीच्या डोक्यात तेव्हा शंभर गोष्टी होत्या. आईला सांगायचं राहून गेलं.

आजी परत आल्या. पिशवीतून टॉवेल काढला, कंगवा काढला आणि मग एक छोटी गोल डबी. तिच्यात बारीक निळसर गोळ्या. ठोक्याच्या गोळ्या. त्या डबीची गोष्ट आजींनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली. एकदा मुलीकडे राहायला निघाले होते, डबी घरी विसरली आणि काका बसथांब्यावरच कोसळले. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तेव्हा आजींना बजावलं होतं, "ही गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवलीत तर मग माझ्याकडे येऊ नका." त्या दिवसापासून आजींनी ती कधीच चुकवली नव्हती. स्वतःचं जेवण चुकलं असेल, काकांची गोळी नाही.

शेजारचा माणूस म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. पाय मोडून आडवे झालेले, पण जीभ धडधाकट. सगळे त्यांना कंडक्टरसाहेब म्हणायचे. आल्या आल्या त्यांनी काकांना विचारलं, "कुठपर्यंत जायचंय?"

"घरापर्यंत," काका खोकत म्हणाले.

"मग बसा. ही गाडी हळू जाते, पण पोचवते."

काकांचं माझ्याकडे लक्ष गेलं ते दुसऱ्या दिवशी. माझा एक कोपरा खरवडलेला होता, तिथे त्यांनी नखाने टोकरलं आणि मान हलवली. "वरून वरून फासलंय नुसतं. आधीचा खरवडला नाही, पॉलिश कागद मारला नाही. अगं ए, बघ, कांद्यासारखे पदर निघताहेत."

"तुम्ही खरवडू नका हो. भरून मागतील."

"मला बरं वाटू दे, मीच रंगवून देतो याला."

इतक्या वर्षांत माझ्याकडे असं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझा त्या माणसावर जीव जडला.

त्याच दुपारी कंडक्टरसाहेबांच्या सुनेने त्यांना घरून आणलेलं खोकल्याचं औषध पाजलं. सिस्टरांनी पाहिलं. त्या दिवशी वॉर्डात त्या एकट्याच होत्या, सकाळपासून बसायला मिळालं नव्हतं. आवाज चढला.

"बाहेरचं औषध द्यायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं? काही झालं तर जबाबदार कोण? तुम्ही? द्या ती बाटली इकडे!"

सून रडवेली झाली. बाटली गेली. सगळ्या वॉर्डाने माना फिरवून पाहिलं.

आजींनीही पाहिलं. मग हळूच माझा खण ओढला, डबी मागच्या कोपऱ्यात सरकवली आणि वर रुमाल पसरला.

सिस्टर बरोबरच बोलल्या होत्या हो. पण त्या ओरडण्याने एक बाटली गेली आणि एक डबी रुमालाखाली गेली. हे फक्त मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली आली. सिस्टरांनी नाडी मोजली, ठोक्याची गोळी दिली. ती पांढरी होती, मोठी होती, वेगळ्या कंपनीची होती. औषध तेच. ट्रॉली पुढे गेल्यावर आजींनी डबी काढली.

"अहो, आ करा."

"आत्ता दिली ना त्यांनी?"

"ती पांढरी. आपली निळी कुठे होती त्यात?"

"अगं, मग विचार की त्यांना."

"विचारलं की डबी घेऊन जातील. काल बाटली नेली तशी. आणि ती चुकली म्हणजे? बसथांबा विसरलात?"

काकांनी आ केला. त्यांच्या संसारात औषधाचं खातं बायकोकडे होतं आणि त्यात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नव्हती.

पलीकडून कंडक्टरसाहेबांनी ते पाहिलं. आजी दचकल्या. त्यांनी डोळा मिचकावला. "घाबरू नका वहिनी. आपण चुगली करणाऱ्यातले नाही. इतकी वर्षं विनातिकीट म्हाताऱ्या सोडल्यात मी."

आजी ओशाळं हसल्या. मी मात्र हसू शकलो नाही. माझ्या पत्र्यातून कळ गेली. सांगायला कुणी नसलं की माणूस निदान कण्हतो तरी. मला तेही जमत नाही.

मग रोज तसंच. एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने निळी.

खोकला कमी झाला, ताप उतरला. नवं अँटिबायोटिक लागू पडलं होतं. पण काकांचं जेवणावरचं मन उडालं. आणलेला मऊ भात तसाच परत जायचा. मळमळ. मग उलट्या. तरुण डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकने होतं असं कधीकधी. बरोबर, तसंही होतं.

आणि एका सकाळी काका भिंतीकडे बघत म्हणाले, "रात्रीत रंग काढला वाटतं इथे?"

"कसला रंग?" आजी म्हणाल्या.

"पिवळा. पांढऱ्यात पिवळा मिसळलाय यांनी. कालपर्यंत नव्हता."

भिंत पांढरीच होती. मी तिला पाठ लावून उभा आहे, मला नाही तर कुणाला ठाऊक?

कंडक्टरसाहेबांना विषयच मिळाला. "काका, तुम्ही निवृत्त झालात, पण डोळे अजून कामावर जातात."

"हसू नका. चादर बघा. तीही पिवळट. सिस्टरांचा गणवेश बघा."

सिस्टर हसत म्हणाल्या, "काका, माझा गणवेश मी स्वतः धुते, हं! पिवळा म्हणालात तर बोलणार नाही तुमच्याशी."

सगळे हसले. आजीही हसल्या, कितीतरी दिवसांनी. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिलाही तो विनोद सांगितला गेला. "बाबा, घरी आलात की आधी आपल्या भिंती बघा, त्या खरंच पिवळ्या पडल्यात," ती म्हणाली. रंगाऱ्याला रंग दिसला, यात नवल कुणाला वाटणार? दुसरा कुणी असता, एखादा शिक्षक किंवा दुकानदार, तर "भिंत पिवळी दिसते" म्हटल्यावर कुणीतरी थबकलं असतं. ते दिसणं त्या गोळीच्या अतिरेकाचं लक्षण होतं. मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं. पुढे माझ्याच डोक्यावरून झालेल्या बोलण्यातून कळलं.

मला एवढंच ठाऊक होतं की एक माणूस खालावतोय आणि माझा खण रोज उघडतोय. मग मला जे एकमेव जमतं ते मी केलं. अडलो.

आजींनी ओढलं, मी हललो नाही. पुन्हा ओढलं. पत्रा करकरला. मला वाटलं, आणखी जोरात करकरावं, सगळ्या वॉर्डाने ऐकावं. आणि खरंच, सिस्टर वळल्या.

"काय झालं आजी?"

"काही नाही... रुमाल काढायचा होता."

"थांबा, तुमच्याने व्हायचं नाही." सिस्टर आल्या, कमरेत वाकल्या आणि एका हिसक्यात खण उघडला. त्यांची नजर आत पडली. रुमाल, कंगवा, बिस्किटांचा पुडा. रुमाल थोडा वर आला होता, डबीचा गोल आकार त्याखालून कळत होता. मी मनात म्हटलं, उचला. रुमालच हवा होता ना आजींना? उचलून द्या.

पलीकडे कुणाचं तरी सलाईन संपत आलं होतं. "सिस्टर!" हाक आली. त्या गेल्या.

काका डोळे मिटूनच म्हणाले, "अगं ए, त्यांना सारखा त्रास नको. खणाच्या पट्टीवर साबण फिरव. कोरडा. मऊ पळेल."

आजींनी साबण फिरवला. माझ्या दोन्ही कडांवर, मन लावून, जसं सगळं त्या मन लावून करायच्या. आणि मी कारखान्यातल्या पहिल्या दिवसासारखा पळायला लागलो. कुणी माझ्यावर एवढी माया केली नव्हती, आणि कुणी मला इतकं लाचारही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाडी मोजताना सिस्टर थांबल्या. पुन्हा मोजली. "काका, आज ठोके फार मंद आहेत. ही गोळी आज देत नाही. डॉक्टरांना सांगते."

असं केलं म्हणून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. योग्य तेच केलं त्यांनी. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पांढरी बंद.

पण आजींच्या कानावर काय पडलं? ठोक्याची गोळी आज देत नाही. त्यांचा चेहरा उतरला. बसथांबा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिलेला मला दिसत होता. सिस्टर दूर गेल्यावर त्या काकांच्या कानाशी वाकल्या. "बघा! हे लोक तर बंदच करायला निघाले. बरं झालं आपली डबी आणली."

काकांना आता धड कळत नव्हतं. ते आजींना "ताई" म्हणाले. ताई म्हणजे त्यांची वारलेली थोरली बहीण. आजींनी त्यांचं तोंड हाताने उघडलं, गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, ओठ पुसले.

मग एका सकाळी काकांनी उशी सोडून मान टाकली. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, यंत्र आलं, त्यावरची रेघ फार वेळ सपाट जायची आणि मग एखादीच उडी मारायची. मला ढकलून बाजूला केलं. खाटेला चाकं असतात, ती निघून गेली. मी भिंतीला तिरका उभा राहिलो. माझ्या जवळ आजी, हातात पाण्याची बाटली, झाकण उघडंच.

"वहिनी, बसा," कंडक्टरसाहेब म्हणाले. त्यांना त्या डबीबद्दल काही वाटलं का? नाही वाटलं. त्यांच्या लेखी ती बायकोची काळजी होती, औषध नव्हतं. दोन दिवसांनी ते घरी गेले, जाताना माझ्यावर आजींसाठी संत्री ठेवून गेले.

अतिदक्षता विभागात नातेवाइकांना आत सोडत नाहीत. आजी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. "सामान राहू द्या आजी, त्यांना इथेच परत आणू," असं सिस्टर म्हणाल्या होत्या, म्हणून डबी माझ्यातच राहिली. आणि तिकडे, आजींच्या हाताबाहेर, काका सुधारायला लागले. हे वाक्य बोलताना मला फार वाईट वाटतं. पण खरं ते हेच आहे.

एका दुपारी तरुण डॉक्टर आणि सिस्टर रिकाम्या जागेपाशी आले. डॉक्टरांनी माझ्यावर हात टेकला.

"रक्तात ती गोळी किती निघाली माहितीय का? एवढी कशी? आपण तर थांबवली होती," ते म्हणाले. "आणि ते पिवळं दिसणं! पुस्तकात वाचलंय मी सिस्टर, परीक्षेत लिहिलंय. आणि समोर माणूस सांगत होता तर मी हसलो."

"आपण सगळेच हसलो, डॉक्टर."

"कुणी घरून देत नव्हतं ना?"

"मुलीला विचारा. ती नीट सांगते."

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला. त्यांचा हात माझ्यावर होता. तळहातापासून डबीपर्यंत मध्ये फक्त एक पत्रा. मुलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "नाही हो डॉक्टर. तुम्ही सांगितलं होतं ना, घरच्या गोळ्या घरीच आहेत." ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

"मग वय, मूत्रपिंडं थकलेली, त्यात हे अँटिबायोटिक. त्याने अंगातली गोळी साठून राहते," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "औषधाची रिॲक्शन म्हणून कळवतो मी. दडपायचं नाही."

किती प्रामाणिक माणूस! खरं कारण शोधायला तो माझ्यापर्यंत आला, माझ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि निघून गेला. आजींना विचारावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. आजींशी बोलायचं ते "आजी, जरा बाजूला," "आजी, खाऊन घ्या," एवढंच. पण घास भरवायच्या त्या, पाणी पाजायच्या त्या.

आणि आज सकाळी काका परत आले. खूप बारीक झालेत. खाट जागेवर लावल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ.

"पांढरी आहे," काका म्हणाले.

आजींनी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडल्या. मुलीने आईला धरलं. मलासुद्धा क्षणभर वाटलं, संपलं, सुटलो आपण.

मग मुलीने आईला समजावलं, सोपं करून, जसं आपण आपल्या माणसांना सांगतो. "आई, डॉक्टर म्हणाले, इथल्या एका गोळीची रिॲक्शन आली होती बाबांना. ती बंद केलीय आता. काळजी करू नको."

आजींनी डोळे पुसले. "मी म्हणतच होते. ती पांढरी! आपल्या निळीने कधी काही झालं का इतक्या वर्षांत?"

"निळी काय, पांढरी काय, जाऊ दे गं आता. मी खाली जाऊन बाबांची खिचडी... नाही, सूप सांगितलंय, सूप घेऊन येते." ती गेलीसुद्धा.

जाऊ दे! अगं मुली, थांब. तुझी आई आत्ता जे बोलली ते नीट ऐक. मागे फिर.

ती फिरली नाही. जिना उतरताना तिची पावलं हलकी वाजत होती. कितीतरी दिवसांनी.

तर अशी माझी कहाणी आत्ताच्या या घडीपर्यंत आली. दुपार आहे. ऊन खिडकीतून काकांच्या पायावर पडलंय. सिस्टर शेजारच्या खाटेवर, कंडक्टरसाहेबांच्या जागी आलेल्या माणसाचा रक्तदाब मोजताहेत. त्यांची पाठ माझ्याकडे आहे. आजींनी खण उघडलाय. रुमाल बाजूला केलाय.

"अहो," त्या हळूच म्हणताहेत, "मधे किती दिवस चुकली तुमची. माझा जीव नुसता टांगणीला होता. आ करा बघू."

काका त्यांच्याकडे पाहून हसताहेत. त्यांचा विश्वास आहे आजींवर. माझाही आहे. या वॉर्डात काकांवर आजींइतकं प्रेम कुणी करत नाही, म्हणून तर मला भीती वाटते.

सिस्टर, वळा. कृपा करून वळा, आणि ओरडू नका. ओरडलात तर आज डबी जाईल आणि उद्या दुसरी येईल, आणखी मागे, आणखी खोल. आजींच्या शेजारी बसा, क्षणभरच बसा, आणि विचारा, "आजी, तुम्ही काकांना काय काय देता?" त्या सांगतील. अभिमानाने सांगतील. इतके दिवस त्यांना हे कुणी विचारलंच नाही.

आणि तुम्ही, जे ऐकताय, उद्या तुमचंही कुणी अशा खाटेवर असेल, त्याच्या उशाशी माझ्यासारखाच कुणीतरी उभा असेल. घरून आणलेली प्रत्येक गोळी, पुडी, बाटली डॉक्टरांपुढे ठेवा. रागावले तर रागावू द्या. त्यांचा राग सोसता येतो, तीच गोळी दोनदा मात्र शरीराला सोसत नाही. आणि पांढरा कोट घालून जे उभे आहात, खाटेच्या या बाजूलाही या. जो माणूस भरवतो त्याला विचारा.

गोळी आजींच्या तळहातावर आहे. काकांनी तोंड उघडलंय. सिस्टर पट्टा सोडवताहेत, कानातली नळी काढताहेत, आता त्या वळतील किंवा पुढच्या खाटेकडे जातील.

विचारा हो. कुणीतरी विचारा.